अंगठ्याची नाडी

ही सगळी गोष्ट १९७३ सालची. मला मात्र ती कळली मागच्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसलेली असताना. मधली एकावन्न वर्षं मी दुसरीच गोष्ट आठवत होते, आणि चांगली आठवत होते, तारखांसकट.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं. ते उठलं आणि तिथे व्यायामशाळा आली. भिंतभर आरसे, रबराचा वास, आणि खिडकीशी ओळीने मांडलेल्या आठ सायकली, ज्या कुठेच जात नाहीत. डॉक्टरांनी साखरेसाठी मला तिथे धाडलं. साठीपुढच्यांचा वर्ग आठवड्यातून तीनदा असतो. शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची, गळ्यात सदा शिट्टी, म्हणून आम्ही सगळे तिला शिट्टीच म्हणतो, तोंडावरसुद्धा. तीस सेकंद जीव तोडून पायडल मारायचं, मग नव्वद सेकंद रमतगमत, असे आठ फेरे. आधी पाच मिनिटं अंग तापवायचं, शेवटी पाच मिनिटं निववायचं, की संपलं. पहिल्या दिवशी मला ही शुद्ध फसवणूक वाटली. अर्धा ताससुद्धा नाही, त्यातही बराचसा वेळ आराम. पण दोन महिन्यांत मी तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढायला लागले. त्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याशी उभी राहून कुणाची तरी वाट बघत असल्याचं सोंग करायची. साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, आणि पहाटे तीनला उघडणारे डोळे पाचपर्यंत मिटलेले राहायला लागले. शिट्टी म्हणते, "आजी, फायदा त्या तीस सेकंदांत नसतो, मधल्या नव्वदांत असतो. हृदय तेव्हा शिकतं." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे पाय थांबलेच. हेच वाक्य मी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर कॅनव्हासचे बूट घातलेल्या एका माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. जुनी ओळख निघावी तसा मला अभिमान वाटला. पुढचे कितीतरी दिवस मी वर्गात जरा ताठ बसायची.

त्या मंगळवारी मनगटाला बांधायच्या पट्ट्या, ज्या नाडी मोजतात, त्या चार्ज करायच्या राहिल्या होत्या. शिट्टी म्हणाली, आज हातानेच मोजू, कुणाला येतं का? मी लगेच म्हटलं, "मला येतं. मी एका धावणाऱ्या मुलीची नाडी सहा महिने मोजलीय. माझीच बहीण. स्टॉपवॉच लावून." "अरे वा, मग आजी, दाखवाच सगळ्यांना." माझ्या शेजारच्या सायकलवर निवृत्त पोस्टमास्तर बसतात, ते थट्टेखोर आहेत. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बघा, आहे का ते तरी बघा." मी त्यांचं मनगट धरलं. चार बोटं खालून, अंगठा वरून. हात आपोआपच तसा गेला, जिना चढताना कठड्यावर जातो तसा. दहा सेकंद मोजले. "एकोणीस." शिट्टी त्याच वेळी त्यांच्या मानेवर दोन बोटं ठेवून मोजत होती. ती म्हणाली, "पंचवीस." मग माझ्या हाताकडे बघून हसली. "आजी, अंगठा काढा. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुम्ही काकांची मोजत नाही आहात, तुमचीच मोजताय." सगळे हसले. पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे माझं काळीज ह्यांच्या हवाली करून चालायचं नाही." मीही हसले. तेवढ्यात घंटा झाली, तीस सेकंदांची, आणि सगळ्यांनी मान खाली घालून पायडल मारायला सुरुवात केली. मीही मारत होते. आरशात आठ म्हातारी माणसं एका जागी धावत होती आणि त्यांतल्या एकीचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तो माझा आहे हे कळायला मला एक-दोन सेकंद लागले.

भिंगरीचं मनगट बारीक होतं. बारीक आणि ओलं. तिला सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण ती चालायला लागली त्याच आठवड्यात पळायला लागली आणि थांबायला कुणी शिकवलं नाही. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सतराव्या वर्षी ती चारशे मीटर धावायची आणि कॅनव्हासच्या बुटांतल्या त्या मास्तरांना वाटायचं की ही पोरगी संघाच्या निवडीत पहिल्या तिघींत येईल. मास्तर एका तंत्रशाळेत कवायत शिकवायचे. त्यांच्याकडे टपालाने मागवलेलं एक परदेशी पुस्तक होतं, ते त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलं होतं. दोनशे मीटर जोरात, मग थांबा, पुन्हा दोनशे. ते म्हणायचे, "हृदय धावताना वाढत नाही, मधल्या वेळात वाढतं. मधला वेळ जास्त दिला तर ते झोपी जातं, कमी दिला तर मोडतं. किती द्यायचा ते तुम्ही-आम्ही नाही ठरवायचं, नाडीला विचारायचं. दहा सेकंदांत वीस ठोके झाले की सोडा पुढच्या फेरीला." पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या लांब उडीच्या मुली असत, आणि सोबत म्हणून भिंगरीबरोबर येऊन कामावर जायच्या वेळेपर्यंत नुसती बसून राहणारी मी होते. त्यांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "तुम्ही औषधांच्या कारखान्यात वजनं करता ना? मग तुमच्यावर सोपवायला हरकत नाही."

खरंच मी वजनांच्या खोलीत होते. काचेच्या पेटीतला तराजू, बाजूला मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची. बोटाचा तेलकटपणा धातूला चिकटतो आणि वर्षानुवर्षांनी त्या वजनाचंच वजन बदलतं. आकडा वाचताना श्वास रोखायचा. पेटीला टेकायचं नाही. सर्दी असेल त्या दिवशी दुसरीला बसवायचं. मोजणाऱ्याचं अंग मोजण्यात उतरता कामा नये, हा त्या खोलीचा एकच नियम, आणि तो मी नव्या मुलींना पढवायची, जरा जास्तच कडकपणे. दिवसभर हे करणारी मी सकाळी मैदानावर बहिणीचा हात धरायची.

मास्तरांनी मला बरोबरच दाखवलं होतं, हे मला सांगायला हवं. मानेवर, जबड्याखाली, दोन बोटं. पण भिंगरीला मानेशी हात नेला की गुदगुल्या व्हायच्या. धापा टाकत गवतावर बसलेली असायची आणि माझी बोटं लागली की खांदा उचलून खिदळायची, "ताई, नको ना गं," आणि आकडा चुकायचा. म्हणून मग मनगट. पहिले दोन आठवडे मी मनगटावर दोन बोटांनीच मोजलं. तीस, सव्वीस, बावीस, वीस. दीड मिनिट लागायचं. मग उन्हं वाढली. तिचा घाम इतका निथळायचा की बोटं घसरायची, ठोका हरवायचा. एकदा मी वैतागून मनगट घट्ट पकडलं, आणि बघते तर ठोके स्वच्छ, ठळक, एकामागोमाग एक, दारावर थाप मारावी तसे. मला वाटलं, हां, ही खरी पकड. सोळा. मी म्हटलं, "ऊठ."

ती एप्रिलची नऊ तारीख. वहीत आहे. मास्तरांच्या त्या निळ्या वहीत भिंगरीच्या नावापुढे नऊ एप्रिलपर्यंत नव्वद, पंच्याऐंशी, नव्वद असे सेकंद आहेत, आणि त्यानंतर एकदम चाळीस, पस्तीस, तीस; बाजूच्या रकान्यांत वार आणि मी मोजलेले ठोके. मास्तर हरखून गेले. पुस्तकात लिहिलंच होतं की सरावाचा परिणाम एखाद्या दिवशी अचानक दिसतो. त्यांनी वही माझ्यापुढे धरली, "बघितलंत? हे इंजिन आहे, मुलगी नाही." आणि आठ फेऱ्यांच्या बारा केल्या, बारांच्या सोळा. शिवाय म्हणाले, "तुमचा हात अचूक आहे." ते वाक्य मी कारखान्यापर्यंत बसमध्ये उभी राहून मनात घोळवत नेलं. बावीस वर्षांची होते. मास्तर पस्तिशीचे असतील. त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं, आणि माझ्या मनात जे होतं त्याला मी तेव्हा नाव दिलं नव्हतं. मंगळवारी लांब उडीच्या मुली नसत, म्हणून मंगळवारी ते पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभे राहायचे. मी मंगळवारी धुतलेली ओढणी घ्यायची, एवढंच.

"ताई, अजून नाही झालं." हे ती किती वेळा म्हणाली ते वहीत नाही. वहीत त्याला रकाना नव्हता. गवतावर हात टेकून बसलेली, ओठांचे कोपरे पांढरे, बोलताना शब्दाशब्दाला श्वास तुटणारा. "झालं. पंधरा आहेत." "माझ्या पायांना विचार की, घड्याळाला काय विचारतेस?" "नाडी खोटं बोलत नाही, भिंगरे." मग ती उठायची. दर वेळी उठायची. ह्याचा विचार मी आता करते, की ती दर वेळी उठायची. एकदा ती गुडघ्यांवर हात ठेवून ओकली आणि मी तिचं तोंड पुसलं, पाणी दिलं, मनगट धरलं आणि मोजलं. चौदा. माझ्या डोळ्यांपुढे एक धापा टाकणारं, थरथरतं शरीर होतं आणि बोटांखाली शांत, भरदार ठोका होता. त्या दोहोंत कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न मला पडला, हे मला स्वच्छ आठवतं. पडला आणि मी तो सोडवला. शरीर नाटकं करतं, आकडा करत नाही. मी वजनांच्या खोलीतली मुलगी होते. तो शांत ठोका सावलीत बसलेल्या, कुठेही न धावलेल्या, पोटभर न्याहारी करून आलेल्या माझाच होता, हे मला कसं सुचणार होतं? पण आता वाटतं, सुचू शकलं असतं. बाकीच्या मुली नव्वद-नव्वद सेकंद बसत, वेण्या सोडून पुन्हा घालत, एकमेकींच्या खोड्या काढत. एकदा जरी त्यांतल्या एकीचा हात धरून बघितला असता तरी कळलं असतं. मला बघायचं नव्हतं. माझी बहीण इंजिन होती आणि माझा हात अचूक होता.

ऑगस्टच्या अखेरीला निवड झाली. शेवटचे ऐंशी मीटर उरले असताना भिंगरी थांबली. पडली नाही, अडखळली नाही, नुसती थांबली, घरी कुणी दार उघडत नाही म्हणून माणूस थांबतं तशी. मग चुन्याची रेघ ओलांडून गवतावर गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. आम्ही पोचलो तेव्हा मास्तरांच्या हातात वही होतीच. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडलेलं माणूस विसरतं. ते तिच्याजवळ उकिडवे बसले, वही उघडली, आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले, "हे आकडे बघ, बाळ. शरीर तयार होतं. कमी पडलं ते मन." भिंगरीने वहीकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी वहीकडे बघितलं.

घरी आई म्हणाली, अर्धवट सोडायची खोडच आहे तिची, आणि पुराव्यादाखल कपाटातून एका बाहीचा स्वेटर काढून आणला, जो भिंगरीने नववीत विणायला घेतला होता. भिंगरीने तो स्वेटर हातातून घेतला आणि त्या रात्री बसून दुसरी बाही पूर्ण केली. त्यानंतर तिने काहीही अर्धवट सोडलं नाही. बूट मोलकरणीच्या मुलीला देऊन टाकले, आणि जी उभी राहिली ती उभीच. कपडे शिवण्याच्या कारखान्यात मशिनीवर लागली, सात वर्षांत चाळीस बायकांच्या रांगेची देखरेख तिच्याकडे आली. बायका तिला मागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे, कारण ती स्वतःच हसत सांगायची, "मला काटा म्हणतात. घड्याळातला गं, बाभळीचा नव्हे. तो बसतो का कधी?" पाठ दुखते म्हणणारीला ती म्हणायची, मन दुखतंय तुझं. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा लवकर गेला, ती तिसऱ्या दिवशी कामावर हजर. पाहुणी म्हणून माझ्याकडे आली तरी जेवताना उभी. मुलीलाही तिने तसंच वाढवलं. भाची एकदा माझ्या स्वयंपाकघरात म्हणाली होती, "मावशी, आमच्या घरात आजारी पडायला परवानगी लागते, आणि ती मिळत नाही." ती आता समुद्रापलीकडे राहते. महिन्यातून एकदा फोन करते, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. मी हे सगळं बघत आले आणि म्हणत आले, स्वभाव आहे तिचा. उलट मनातून मला वाटायचं, त्या एका हरण्याने हिला केवढी शिस्त लावली.

आणि त्या मंगळवारच्या तीनच आठवडे आधी तिला हृदयाचा झटका येऊन गेला होता. छोटा, डॉक्टर म्हणाले, पण छोटा आहे म्हणून सुटलात, आता सहा आठवडे पूर्ण विश्रांती. फोनवर ती म्हणाली होती, "डॉक्टरला काय जातंय बोलायला. विश्रांती म्हणजे नाटकं. मला काही झालेलं नाही, मन घट्ट आहे माझं." आणि कपडे भिजत घातलेत म्हणून फोन ठेवला होता.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी वर आले आणि खुर्चीत बसून डाव्या अंगठ्याकडे बघत राहिले. तो टेबलाच्या कडेवर दाबून बघितला, त्यात ठोका होता. कपाच्या कानावर दाबला, कपालाही नाडी होती. दाराच्या मुठीला होती. मी घरभर फिरून वस्तूंची नाडी मोजली. ह्या वयात कुणी बघितलं असतं तर माझ्या मुलाला फोन गेला असता. मग कपाटाच्या तळातून निळी वही काढली. मास्तर बदलून गेले तेव्हा ती माझ्याकडे राहिली होती, आणि मी ती अधूनमधून बघायची, लोक जुने फोटो बघतात तशी. आता तेच आकडे वाचताना मला कळत होतं की नऊ एप्रिलनंतरची वही भिंगरीची नाहीच. त्यात माझी झोप होती, माझी न्याहारी होती, कारखान्यात बोलणी खाल्ली ती सकाळ होती. मंगळवारांकडे मी त्या दिवशी बघितलं नाही. बघवलं नाही.

सांगायला मला अकरा दिवस लागले. पहिले चार दिवस मी स्वतःला म्हणत होते, आजारी माणसाला कशाला धक्का द्यायचा. नंतरचे चार दिवस म्हणत होते, एवढ्या वर्षांनी काय उपयोग. उरलेले तीन दिवस काहीच म्हणत नव्हते, नुसती वही पिशवीत घालायची आणि बाहेर काढायची. सांगितलं तर ती बसेल, विश्रांती घेईल, कदाचित जगेल. आणि माझी मात्र ती राहणार नाही. नाही सांगितलं तर ती मला ताई म्हणत उभ्या उभ्या मरेल. इतकं सरळ होतं, आणि तरी अकरा दिवस.

तिच्या घराचं दार उघडंच होतं. ती स्टुलावर उभी राहून पडदे काढत होती. "तुला झोपून राहायला सांगितलंय ना?" "झोपून पडदे निघत नाहीत." "भिंगरे, खाली उतर." "आलीस तशी त्या टोकाच्या कड्या सोडव. तपासनीस असल्यासारखी उभी काय राहिलीस?" मी कड्या सोडवल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सायकल, पोस्टमास्तर, अंगठा. वाक्यं मागेपुढे झाली, पण अंगठा सांगितला. तिने एक कडी सोडवली. दुसरीला हात घातला आणि तो तिथेच राहिला. मग ती सावकाश उतरली आणि तिने माझ्यासमोर हात पुढे केला.

"धर. तेव्हा धरायचीस तसा."

मी धरला. ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली, नवीनच काही प्राणी असावा तसं.

"आणि खरा कसा धरतात?"

मी दोन बोटं ठेवली. एप्रिलच्या नऊ तारखेनंतर पहिल्यांदा मला माझ्या बहिणीची नाडी लागत होती. बारीक होती, घाईची होती, आणि मधेच एखादा ठोका गाळत होती.

"किती?"

"सोळा."

"हे तरी खरं का?" असं म्हणून तिने हात काढून घेतला. आणि मग ती बसली. तिच्या घरात मी तिला कधी बसलेली बघितली नव्हती, त्यामुळे तिला कुठे बसायचं हेही नीट ठाऊक नसावं. ती त्या स्टुलावरच बसली, पाय जवळ घेऊन, हात मांडीवर, बसस्टॉपवर बसतात तशी. "वही आणलीयस का? तू आणली असशीलच." मी दिली. चष्मा कपाळावरून खाली ओढून ती रकान्यांवरून बोट फिरवत राहिली. "नव्वद, पंच्याऐंशी, नव्वद... हं. हे बघ, इथनं सुरू झालं. मला तो दिवस आठवतोय. मला वाटलं, आज मला काहीतरी झालंय. मग रोजच वाटायला लागलं. त्या पोरी बसून वेण्या घालायच्या ना, मला इतका राग यायचा त्यांचा. आणि मी म्हणायची, माझी नाडी उतरलीय, तरी मला उठवत नाही, म्हणजे मीच मेली कामचोर." ती हे कुणा तिसऱ्याबद्दल बोलल्यासारखं बोलत होती. मग तिचं बोट एका जागी थांबलं. ते मागे गेलं, पुढे गेलं. "हे गं काय? पंधरा, चौदा, पंधरा, आणि मधेच एकोणीस. पुन्हा पंधरा, चौदा, आणि अठरा." तिने वाराचा रकाना बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंगळवार."

मी पडद्याच्या सुटलेल्या कडीकडे बघितलं.

"मंगळवारी मास्तर तुझ्याशेजारी उभा राहायचा." आणि ती हसायला लागली. खूप दिवसांनी, कदाचित खूप वर्षांनी मी तिला तसं हसताना ऐकलं. "ताई, अगं माझ्या वहीत प्रेमात पडलीस होय तू? निदान स्वतःची वही तरी घ्यायचीस." हसता हसता ती खोकली, पाणी प्यायली. मीही हसले, आणि क्षणभर मला वाटलं, सुटले. एवढ्यावर सुटले. मग तिचा चेहरा पुसल्यासारखा झाला.

"पोरीला ताप होता," ती म्हणाली. "दहावीच्या परीक्षेला. म्हणत होती, आई, मला उभं राहवत नाही. मी थर्मामीटर लावलाच नाही. म्हटलं, शरीर तयार आहे, कमी पडतंय ते मन. मास्तरचं वाक्य. अक्षर न् अक्षर तेच. ती तिकडे पेपर लिहिताना पडली, आणि घरी आणल्यावर मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही." तिने वही मिटली. "ते आता कुणाला परत करायचं, सांग. कारखान्यात चाळीस बायका होत्या. तू एक अंगठा सांगायला आलीस."

"भिंगरे, मला..."

"जा तू आता. मी तुला चहा विचारणार नाही."

"पडदे?"

"राहू देत."

खाली रस्त्यावर येऊन मी वर बघितलं. पडदा एका बाजूने सुटून लोंबत होता आणि त्याच्या मोकळ्या जागेतून ती दिसत होती, तशीच स्टुलावर बसलेली. बस यायला वीस मिनिटं लागली. तोपर्यंत ती उठली नाही.

सात आठवडे तिने माझा फोन घेतला नाही. शेजारीण मात्र सांगायची, झोपून असतात हो दुपारच्या, खिडकीचा पडदा लोंबतोय तसाच आहे. मी सायकलवर जायची, तीस सेकंद जीव तोडायची आणि नव्वद सेकंदांत तिच्याशी बोलायची, मनातल्या मनात. साखर आणखी उतरली. शिट्टी माझं कौतुक करायची आणि मला ते ऐकवायचं नाही.

आता सगळ्यांचं काय झालं ते सांगते. मास्तर १९९१ साली गेले, दुसऱ्या गावात, माझ्या कानावर ते वर्षाने आलं. ती मुलगी मनाने कमी पडली, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत असणार. आई गेली तेव्हा भिंगरीने तिची शेवटचे आठ महिने सेवा केली, एक दिवस न चुकता, आणि आईने अर्धवट सोडायच्या खोडीचा तो शब्द काही परत घेतला नाही. पोस्टमास्तरांनी मध्यंतरी गुडघा बदलून घेतला आणि ते पुन्हा माझ्या शेजारच्या सायकलवर आहेत. अंगठ्याचा विनोद ते दर नव्या माणसाला सांगतात आणि मी दर वेळी हसते. शिट्टीने नदीपलीकडे स्वतःची व्यायामशाळा काढली, तिच्या जागी आलेली मुलगी घड्याळावर भरोसा ठेवते, माणसाला विचारत नाही. भाची हिवाळ्यात चार दिवस आली होती. मायलेकींत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता ती आठवड्यातून एकदा फोन करते, वार ठरलेला नसतो. वही भिंगरीने परत दिलेली नाही.

आणि भिंगरी आठव्या आठवड्यात, शिट्टी अजून होती तेव्हाच, एका गुरुवारी आमच्या वर्गात आली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. माझ्याशी बोलली नाही, पोस्टमास्तरांच्या पलीकडची सायकल घेतली. शिट्टीने तिला बाकीच्यांपेक्षा हळू ठेवलं, पंधरा सेकंद बेताने आणि मग पूर्ण दोन मिनिटं. घंटा झाली की भिंगरी पाय थांबवते आणि डोळे मिटून बसते. दोन मिनिटं झाली तरी कधीकधी उघडत नाही. शिट्टी म्हणायची, काकू, झालं. ती म्हणायची, "मला नाही झालं." आणि शिट्टी थांबायची.

ती अजून येते. मागच्या महिन्यात पट्ट्या पुन्हा बंद पडल्या. नव्या मुलीला काही सुचेना. भिंगरीने डोळे न उघडताच मान जराशी वर केली आणि म्हणाली, "ताईला येतं." मी उतरून तिच्याजवळ गेले. जबड्याखाली, जिथे मास्तरांनी दाखवलं होतं तिथे, दोन बोटं ठेवली आणि वाट बघितली. आधी ठोक्यांची नाही, तिने खांदा उचलून खिदळण्याची. ती स्वस्थ बसून होती. मानेला आता गुदगुल्या होत नव्हत्या. मी मोजायला लागले.